कुंकवाआधी पावलं

मित्रांनो, मी एक जुना हातआरसा आहे. लग्नानंतर वनमालाकाकूंनी मला सदर बाजारातून आणलं, जोडव्यांसोबतच. पितळी दांडा, कडेला वेलबुट्टी. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका. काकूंचं कुंकू कपाळावर नीट लागलं की नाही, ते रोज मीच सांगायचो. पुढे भिंतीवर मोठा आरसा आला आणि मी खणात गेलो. गरज सरो, वैद्य मरो!

मग काकूंना साखरेचा आजार जडला, पाय बधिर झाले. डॉक्टर राधिकांनी रोज तळपाय बघायला सांगितलं. काकूंना वाकवेना. म्हणून त्यांचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले शालिग्रामकाका, मला त्यांच्या पायाखाली धरू लागले. कपाळ पाहणाऱ्याच्या नशिबी टाचा! मी चांगलाच फुरंगटलो होतो.

एका सकाळी काका थबकले. जोडव्याचं बोट सुजलं होतं आणि त्याच्याखाली काळपट, ओली जखम होती.

“दुखत तर नाही मले. हळद लावते ना,” काकू म्हणाल्या.

काकांनी ऐकलं नाही. मला पिशवीत घातलं आणि काकूंना रिक्षात.

“जोडवं रुतलंय, काकू,” डॉक्टर म्हणाल्या. “आजच कापू. थांबलो तर बोट जाईल, मग पाऊलही.”

काकूंनी पाय मागे ओढला. “हे जिते असताना जोडवं कापू? नाही जमत.”

“मी बीपीच्या गोळीनं जिता आहो, तुह्या जोडव्यानं नाही!” काका म्हणाले. मग जवळ बसून म्हणाले, “तुहा पाय गेला, तर रोज तलावावर फिराले माह्यासंग भांडत कोण चालन?”

डॉक्टरांनी मला पायाखाली धरलं. काकूंनी स्वतः ती जखम पहिल्यांदाच पाहिली. मी काही लपवलं नाही. बराच वेळ पाहून त्यांनी पाय पुढे केला. दुसऱ्या पायातलं जोडवं तर स्वतःच काढून काकांच्या हातात ठेवलं.

मलमपट्टी चालली, मऊ चपला आल्या, जखम भरली. बोट वाचलं. जोडवी आता देवघरात आहेत आणि मी खिडकीत, उजेडात. माझा रुसवा केव्हाच गेला.

मित्रांनो, घरात कुणाला साखर असेल तर ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. बधिर पाऊल तक्रार करत नाही. ते रोज पाहा, आणि जखम दिसली तर हळदीचा डबा न शोधता डॉक्टरांकडे चला.

आमच्याकडे हल्ली कुंकवाआधी पावलं पाहतात. मग मला पुसून काकू कुंकू लावतात, तोवर काका त्यांच्या चपला आतून हातानं चाचपून ठेवतात, खडाबिडा नाही ना म्हणून. आणि दोघं भांडत तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला निघतात, चारही पावलांनी.