बाबांना वाईट काठी जमेना

गेल्या वर्षी आमच्या सासऱ्यांचा उजवा खांदा संपावर गेला. पन्नास वर्षं हातकरवत ओढून ओढून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हातकरवत कायमची बंद. म्हणजे सुतारकाम करायचं तर एकच वाट उरली: आमच्या कारखान्यातलं करवतीचं मशीन. लोखंडी टेबल, मधोमध फिरणारं गोल पातं. आणि त्या टेबलावर राज्य आमच्या ह्यांचं.

"बाबा, आधी परीक्षा द्या, मग मशीन," हे म्हणाले.

"कसली रे परीक्षा? पटाशी कशी धरायची ते तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच शिकवलं, म्हणून माझी दहा बोटं शाबूत आहेत. तुमचीही दहाच राहू देत."

नापास झाले तर उरलेलं आयुष्य दाराशी खुर्ची टाकून भुशाचा वास घेत बसायचं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या सकाळच्या प्रार्थनेत त्या आठवड्यापासून खांद्याच्या जोडीने मशीनचाही नंबर लागला.

बाबा अभ्यासाला लागले. जेवताना घास हातात धरून नियम म्हणायचे. बाह्या घट्ट, हातमोजे नाहीत, डोळ्यांना चष्मा, कानांत कापसाचे बोळे. पातं लाकडाच्या वर जेमतेम डोकावेल एवढंच. त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, कारण लाकूड उसळलं तर थेट पोटात. काही बिघडलं तर लाल बटण दाबून मशीन बंद, आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत हात पुढे नाही.

"माझं बोलणं कधी एवढं लक्ष देऊन ऐकलं नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"तुला बंद करायला लाल बटण कुठाय?" बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा आमटी मिळाली नाही.

सगळ्यात मोठा नियम काठीचा. लाकडाची शेवटची वीत हाताने ढकलायची नाही, काठीने ढकलायची. कारण पात्याला लाकूड आणि बोट यातला फरक कळत नाही. हे म्हणाले, "काठी तुम्हीच करा. सुताराला काठी काय विकत आणायची?"

बाबांनी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी काठी माझ्यापुढे धरली आणि मी बघतच राहिले. सागवानाची. मुठीच्या जागी पोपट, पोपटाच्या पंखावर एकेक पीस कोरलेलं, शेपूट खाली वळून लाकडाला टेकायची खाच झालेली. वर तीन हात पॉलिश.

"कशी आहे, सूनबाई?"

कुणाला कडू बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. इथे त्याची गरजच पडली नाही. "बाबा, देव्हाऱ्यात ठेवावी अशी आहे," मी म्हटलं. घोटाळा तिथेच झाला.

परीक्षेच्या दिवशी बाबा शाळेच्या पहिल्या दिवसासारखे भांग पाडून आले. बाह्या घट्ट, चष्मा, बोळे. पात्याची उंची लावण्याआधी वायर काढली. पात्यावरचं झाकण हलवून पाहिलं. रेषेतून बाजूला सरकून उभे राहिले. ह्यांचा चेहरा खुलत गेला. फळी सरसर पुढे गेली. शेवटची वीत आली. बाबांनी काठीकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं, आणि काठी हलकेच बाजूला ठेवून पंजा पुढे केला.

ह्यांनी लाल बटणावर असा हात मारला की खिडकीवरची कबुतरं उडाली. पातं घरघरत थांबलं. बाबांची बोटं अजून वीतभर लांब होती, देवाची कृपा.

"बाबा! काठी!"

"अरे, पोपटाची शेपूट कापली गेली असती."

"आणि बोटं कापली गेली असती ती?"

"बोटांना पॉलिश केलेलं नाही," बाबा पुटपुटले.

नापास. सासूबाईंनी दाराशी खुर्ची आणून ठेवली, आणि वर उशीही.

ह्यांनी आठवड्याची मुदत दिली. अट एकच: काठी अशी करा, की कापली गेली तरी काळीज हलणार नाही. बाबा कामाला लागले. दुसरी काठी साधी करायची ठरली, पण मूठ हाताला टोचेल म्हणून गोल केली, गोल केली म्हणून घासली, घासल्यावर लाकडाच्या रेषा अशा उठून दिसल्या की पॉलिश न करणं पाप वाटलं. तिसरी मुद्दाम फुटक्या फळीची घेतली, तर फटीत त्यांनी दुसऱ्या लाकडाचं इवलं पान बसवलं. चौथी तर सासूबाईंनीच नवऱ्याच्या हातून ओढून नेली, पाठ खाजवायला.

"पन्नास वर्षं हातांना चांगलंच करायचं वळण लावलं," बाबा खुर्चीत बसून म्हणाले. "आता वाईट कर म्हटलं तर ऐकत नाहीत मेले."

त्यांचा तो पडलेला आवाज मला बघवेना, म्हणजे ऐकवेना. भाजीची टोपली बाजूला सारून मी कारखान्यात गेले. करवत जन्मात धरली नव्हती. भंगारातला प्लायवूडचा तुकडा घेतला, देवाचं नाव घेतलं आणि हातकरवतीने जमेल तसं कापलं. झालं ते बेडकासारखं दिसत होतं, आणि तो बेडूकही आजारी.

बाबांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, उजेडात धरलं. डोळे पाण्याने भरले. मला वाटलं, सुनेच्या कष्टांचं कौतुक.

"सूनबाई, इतकी भिकार वस्तू आमच्या कारखान्यात आजवर झाली नाही. हिची खांडोळी झाली तरी मला जेवण गोड लागेल!"

मी नेम आठवला आणि नुसती हसले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या वीतभर लाकडावर बाबांनी माझा बेडूक टेकवला आणि निर्धास्त ढकलला. पात्याने त्याचा जबडा कुरतडला. बाबांनी शीळ घातली. पातं पूर्ण थांबेपर्यंत हात मागे धरून उभे राहिले.

"पास," हे म्हणाले, आणि पाठ फिरवून चष्मा पुसू लागले. भुसा गेला असेल डोळ्यांत.

तेव्हापासून काठ्या पुरवायचं काम माझ्याकडे. कुरतडल्या की नव्या लागतात. आठ-दहा झाल्यावर परवाची मी बाबांच्या हातात दिली, तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हिची मूठ बरी साधली आहे."

"हो ना बाबा? मलाही वाटलं."

"तेच म्हणतो. अशी सुधारत गेलीस तर माझी बोटं धोक्यात." त्यांनी ती परत केली आणि प्लायवूडचा नवा तुकडा माझ्या हातात ठेवला. "पुन्हा कर. आणि या वेळी, कृपा करून, मन लावू नकोस."