एकशे साठचं झाकण

त्या सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चाळीसेक शहाणी माणसं श्वास रोखून उभी होती. डॉक्टर होते, वकील होते, आयुष्यभर पूल बांधलेले आमचे अध्यक्ष होते. मधोमध पांढऱ्या कपड्यातले गुरुजी. डोळे मिटलेले, हातात वीतभर पितळी काडी, तिचं टोक थरथरतंय. गुरुजी दोन पावलं डावीकडे गेले, एक पाऊल मागे आले, थबकले. काडी खाली झुकली.

"झेंडा बोलतोय," ते पुटपुटले. "एकशे चाळीस यार्ड!"

अध्यक्षांनी तेवढ्या अंतराचा फटका मारला. चेंडू झेंड्याशेजारी पडला आणि चाळीस जणांनी तोंडात बोटं घातली.

क्लबच्या आवारात माझं गोल्फच्या सामानाचं दुकान आहे. झेंडा किती लांब आहे हे कळल्याशिवाय कोणती स्टिक घ्यायची ते ठरत नाही, म्हणून अंतर मोजायचं यंत्र निवडायचं काम समितीने माझ्याकडेच दिलं होतं. मी तीन यंत्रं मागवली, महिनाभर मैदानात फिरून तपासली आणि लेझरचं एक पक्कं केलं. तेवढ्यात हे गुरुजी उगवले आणि माझं यंत्र कपाटात गेलं.

"यंत्राला आत्मा नसतो," गुरुजी सांगायचे. "ते झेंड्याला बाहेरून बघतं. ही काडी आतली लहर पकडते. बारा वर्षं गुहेत बसून सिद्ध केलीय."

बारा वर्षं गुहेत बसलेल्या माणसाला गोल्फ कुठून कळला, हे एकानेही विचारलं नाही. मी एकदा एवढंच विचारलं, "अंतर चुकलं तर?"

"काडी चुकत नाही, ताई. मन चुकतं."

म्हणजे बरोबर आलं तर श्रेय काडीचं, चुकलं तर खापर तुमच्या डोक्यावर. हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी गिऱ्हाईक दुखावेल म्हणून मी मूग गिळून बसले. आज मी ज्यांच्यावर चिडून लिहितेय त्यांत माझं नाव पहिलं आहे.

कारण माझ्या गप्प बसण्याची किंमत अप्पांनी मोजली. अप्पा आमचे सगळ्यात जुने कॅडी. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या स्टिकच्या पिशव्या खांद्यावर वाहून त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरलाय. नुसत्या नजरेने आणि पावलांनी ते अंतर सांगायचे, आणि सहसा चुकायचे नाहीत. सातव्या होलवर अध्यक्षांचा चेंडू पडला तेव्हा अप्पा म्हणाले, "साहेब, एकशे वीस." गुरुजींची काडी झुकली. "एकशे साठ!"

चाळीस यार्डांचा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. पण साहेबांचे डोळे काडीवर होते. त्यांनी जोरदार फटका हाणला. चेंडू झेंड्यावरून, हिरवळीवरून, कुंपणावरून गेला आणि रस्त्यावर एका सायकलवाल्याच्या हातभर पुढे आदळला. तो माणूस वाचला तो निव्वळ योगायोगाने.

गुरुजींचा चेहरासुद्धा हलला नाही. अप्पांकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्या मनातल्या शंकेने लहर वाकली. असा माणूस मैदानात असेल तर मी जबाबदार नाही."

आणि पूल बांधणाऱ्या माणसाने सव्वीस वर्षं पिशवी वाहणाऱ्या माणसाला सांगितलं, "अप्पा, उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी अप्पांची मुलगी दुकानात आली. मैदानाला पाणी द्यायचं काम तिच्याकडे असतं. पायात चिखलाचे गमबूट, डोळे सुजलेले.

"ताई, गुरुजींनी नक्की किती सांगितलं होतं?"

"एकशे साठ."

ती खोक्यावर बसली. "ते झाकण मी लावलंय."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी, मैदान बंद असताना, जमिनीत पाण्याचे नवे फवारे गाडले होते. प्रत्येक फवाऱ्याच्या झाकणावर तिथून झेंड्याभोवतीच्या हिरवळीपर्यंतचं अंतर कोरलेलं असतं. बशीएवढं झाकण आणि नखाएवढे आकडे. सातव्या होलवरचे दोन फवारे तिने गेल्या आठवड्यात दुरुस्त केले, आणि घाईत झाकणांची अदलाबदल झाली. एकशे वीसच्या जागी एकशे साठ बसलं.

"तो काडी नाही वाचत, ताई. झाकण वाचतो."

माझ्या डोक्यात सणक गेली. मिटलेल्या डोळ्यांच्या फटीतून खाली बघत, लहर शोधण्याच्या नावाखाली झाकणापर्यंत सरकायचं, आकडा वाचायचा, चेंडूपर्यंतची दोन-चार पावलं मिळवायची! आमचे सभासद कायम झेंड्याकडे बघत चालणार. पायाखाली बघायची त्यांना सवयच नाही, तिथे कामगार असतात ना.

"समितीसमोर सांगशील?"

"माझी चूक कबूल करावी लागेल. मलाही काढतील." ती खोक्यावरून उठली. "सांगते."

गुरुजींकडून क्लबसाठी अशा काड्या विकत घ्यायचं समितीच्या मनात होतं, आणि ती खरेदी रविवारी ठरणार होती. त्याआधी मी सगळ्यांना सातव्या होलवर नेलं, जुन्याच जागी चेंडू ठेवला आणि म्हटलं, "गुरुजी, एकदा परत दाखवा." अप्पांना मुद्दाम आणलं नव्हतं. लहर वाकवायला कोणी नको.

गुरुजी फिरले, थबकले, झुकले. "एकशे साठ!"

मी कपाटातून आणलेलं लेझर झेंड्यावर धरून बटण दाबलं आणि अध्यक्षांच्या डोळ्याला लावलं. त्यांनी आकडा वाचला. "एकशे एकवीस."

"यंत्राला आत्मा नाही," गुरुजी हसले.

तेवढ्यात अप्पांची मुलगी पुढे आली आणि तिने झाकणावर गमबूट ठेवला. "आता दुसऱ्या फवाऱ्यापाशी चला," ती म्हणाली. तिथेही तिने झाकणावर पाय ठेवला. "सांगा, गुरुजी. इथून किती?"

काडी थरथरली. गुरुजी डावीकडे गेले, उजवीकडे गेले, परत तिच्या बुटापाशी आले.

"बाई, बाजूला व्हा. लहर अडतेय."

"माझ्या बुटाखाली?"

कोणीतरी हसलं. तिने पाय उचलला, झाकण काढलं आणि अध्यक्षांच्या हातात दिलं. "साहेब, यावर एकशे वीस आहे आणि पलीकडच्यावर एकशे साठ. चुकून उलटी लावली ती मी. माझी चूक झाली. अप्पांची नाही, आणि कुठल्या लहरीची तर नाहीच."

अध्यक्षांनी ते आकडे दोनदा वाचले. मान वर करेपर्यंत गुरुजी फाटकाकडे निघाले होते. काडी खिशात होती आणि डोळे टक्क उघडे.

तरीही एक डॉक्टर माझ्या कानाशी कुजबुजले, "पण त्यांच्यात काहीतरी होतं हं." याला काय म्हणावं? एका माणसाची भाकरी गेली होती, एकाचा जीव जाता जाता वाचला होता, आणि यांना अजून काहीतरी दिसत होतं!

मुलीची नोकरी राहिली. अप्पांना बोलावून आणलं. अध्यक्ष चाचरत म्हणाले, "अप्पा, झालं गेलं विसरा. यापुढे तुम्ही सांगाल ते अंतर. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास."

अप्पा पिशवी खांद्यावर घेत म्हणाले, "नको, साहेब. त्याच्यावरही तुमचा पूर्णच होता."

मग झेंड्याकडे बघून त्यांनी सांगितलं, "एकशे अडतीस. ताई, तुम्ही मोजा."

मी मोजलं. एकशे छत्तीस.

"दोनने चुकलो," अप्पा म्हणाले. "पुढच्या वेळी सुधारतो."

दोनने चुकलो. त्या काडीच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले होते का कोणी? लोकहो, चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, चुकलात तर कसं कळेल? त्याच्यासमोर मोजून बघा. आणि मोजताना एकदा त्याच्या पायाखालीही बघा.