नुसत्या पाण्याच्या शिट्ट्या

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. दांड्याचा स्क्रू ढिला, बूड काळवंडलेलं आणि स्वभाव पहिल्यापासून तापट. आईने मला आपल्या पहिल्या पगारातून घरी आणलं, तेव्हा तिच्या धाकट्या लेकीचा जन्मही झाला नव्हता. पुढे माझी शिट्टी झाली की ती ताट घेऊनच बसायची. मित्रांनो, मला तेव्हा केवढा भाव होता!

मग बाबांचा कारखाना बंद पडला. आईच्या एकटीच्या पगारात घरभाडंच जेमतेम भागायचं. डबे एकेक करून रिकामे झाले. तरी माझी सुट्टी नाही! आई माझ्यात नुसतं पाणी घालून मला गॅसवर चढवायची.

"शिट्टी ऐकू आली नाही तर शेजारी काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची," ती बाबांना सांगायची.

धाकटी सुरुवातीला ताट घेऊन धावत यायची. नंतर येईनाशी झाली. मला ते फार लागलं. भिंतीपलीकडे शिलाईवाल्या काकूंचा कुकर रोज खुशाल शिट्ट्या मारायचा आणि मी इकडे चडफडत बसायचो.

शेवटी एक दिवस धाकटीला शाळेत भोवळ आली. दुसऱ्याच दिवशी आई लाज गिळून बाजारामागच्या अन्नपेढीत गेली. तिथे गरजूंना शिधा मिळतो. तिने डाळ-तांदूळ आणले, धुऊन माझ्यात घातले आणि गॅस पेटवला. ज्योत फडफडली आणि विझली.

बाबांनी सिलिंडर हलवून पाहिला, आडवा करून पाहिला. इतके दिवस शोभेसाठी जाळलेला गॅस नेमका तेव्हा संपला! धाकटी ताट घेऊन बसलेली. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

आईने मला तसंच उचललं आणि काकूंचं दार वाजवलं.

"काकू, गॅस संपलाय हो. जरा कुकर लावू का तुमच्याकडे?"

काकू दारातच घुटमळल्या. "अगं, माझाच कुकर चढलाय..." मग आईमागे उभ्या धाकटीकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या आत वळल्या, गॅस बंद केला आणि वाफ जिरल्यावर त्यांनी स्वतःच झाकण काढलं. आत नुसतं पाणी होतं.

आई बघतच राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडेही रोज हाच बेत असतो, काकू."

दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्या. मग मी गॅसवर चढलो. त्या दिवशी माझ्यातलं सगळ्यांनी मिळून खाल्लं. पण तो शिधा थोडक्या दिवसांचा. पुढे काय, ही काळजी अजून आहेच. हल्ली दोघी अन्नपेढीत बरोबर जातात, एवढंच काय ते समाधान.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. शेजारची शिट्टी ऐकून तिथे जेवणं झाली, असं धरून चालू नका. काहीतरी निमित्त काढून दार वाजवा. आणि तुमच्याच घरात नुसतं पाणी उकळत असेल, तर पहिलं दार तुम्ही वाजवा.