लाखोळीची चाल

डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याची काठी मागून घेतली, टाचा उचलल्या आणि गुडघ्याला गुडघा घासत ते चिंचेखाली चालू लागले. कामठा गावची माणसं खो खो हसत सुटली. एवढा नागपूरचा शिकलेला माणूस आणि दंडारीतल्या सोंगाड्यासारखा चालतोय!

रुख्माला मात्र हसू आलं नाही. ही चाल ती पौषापासून रोज घरात बघत होती.

डॉक्टर काही हसवायला आले नव्हते. तक्ते दाखवून, बोलून त्यांचा घसा बसला, तरी लोकांच्या डोक्यात काही शिरेना. महिनोन्‌महिने नुसत्या लाखोळीच्या डाळीवर, लाखोळीच्या भाकरीवर पोट भरलं की पाय असे कायमचे जातात, अशी गावोगावचे रोगी तपासून त्यांची खात्री पटली होती. वेळीच लाखोळी खाणं थांबवा, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत होते.

गेल्या साली धान बुडालं, तेव्हापासून हिरालाल पटेल सालदारांना मजुरीत लाखोळीच देत होते. रुख्माचा नवरा कवडू त्यांचाच सालदार. कायद्याने त्यांची गावावरची मालगुजारी गेली होती, पण कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं हे अजून पटेलच ठरवत. पाय अडखळतात हे कळलं तर ते दुसरा गडी बघतील, या धास्तीने कवडू उजाडायच्या आत शेतावर जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. रुख्मालाही त्याने कुणाला न सांगायची शपथ घातली होती.

आता एकेक जण उठून डॉक्टरांसारखं चालून दाखवू लागला. पटेलांनीच कवडूला हाक मारून उठायला सांगितलं. कवडूने एकदा तिच्याकडे बघितलं, काठी घेतली आणि हसत हसत निघाला. टाचा वर, पाय एकमेकांत अडकलेले. लोकांनी पोट धरलं. पटेलांना तर हसता हसता डोळे पुसावे लागले.

"बघा," डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "यांना माझं म्हणणं सगळ्यांत चांगलं समजलं."

कवडू रुख्माजवळ येऊन बसला. कपाळावर घाम होता, पण चेहरा सुटल्यासारखा दिसत होता.

"वाचलो," तो पुटपुटला. "कोनाले काई समजलं नाई."

डॉक्टर तक्ते गुंडाळू लागले. सरकारी जीप उभीच होती. ती गेली की पुन्हा कोण येणार? रुख्माला पटेलांची भीती वाटत होती, शपथेचीही वाटत होती. पण घरी चुलीवर चढवायला लाखोळीशिवाय दाणा नव्हता, हे तिला आठवलं. ती उठली. कवडूने तिचं लुगडं धरलं. ते सोडवून घेत ती डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सायेब," ती म्हणाली, "हे नक्कल नाई करून राह्यले होते."

डॉक्टरांच्या हातातला तक्ता अर्धवट गुंडाळलेला राहिला. पटेल कवडूच्या पायांकडे बघत होते.