पॅनलवरची गोधडी

सावेडीतल्या बंगल्यासमोर सम्राट आपल्या नव्या व्हॅनच्या टपावर बसून सोलर पॅनल जोडत होता. एकाला एक जोडलेल्या पॅनलवर ऊन पडलं की वायरीत जीवघेणा करंट येतो, म्हणून जोडणी होईपर्यंत त्यानं ते आईच्या जाड गोधडीनं झाकले होते.

"आई, गोधडीला हात लावू नकोस. ओढलीस तर मी मेलोच," त्यानं वरून बजावलं.

खाली भागिरथीबाई बोचकं घेऊन उभ्या होत्या. उद्या लेक नि सून देश बघायला निघणार आणि म्हातारी वृद्धाश्रमात जाणार. गाडीत पंखा होता, फ्रिज होता, कुत्र्यालासुद्धा मऊ गादी होती. जन्मदात्या आईपुरती तेवढी जागा निघाली नाही.

"काम झालं की माझी गोधडी दे रं. तुझ्या बापाच्या धोतराची हाय ती."

"ती टायगरच्या गादीवर घालायचीय. तुला आश्रमात ब्लँकेट देतात की!"

बाईंनी बोचकं खाली ठेवलं. ऊन रणरणत होतं. टपावरून लोंबणारं गोधडीचं टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं.

"बाळा, वायरी हातात धरल्यास का रं?" त्यांनी मायेनं विचारलं.

तो "हो" म्हणेपर्यंत त्या थांबल्या.