चाखू नये

पुस्तक निघाल्यापासून आमच्या घरात सारखा माझाच फोन वाजत असे. शेवटच्या पानावर नंबर माझा छापला होता, कारण चंदनबालाला, म्हणजे माझ्या बायकोला, परक्या माणसाशी फोनवर बोलायची लाज वाटते. लिहायची मात्र वाटली नाही. मुनिमहाराजांच्या आहाराचा स्वयंपाक कसा करावा यावर तिने अख्खं पुस्तक लिहिलं, सांगलीतच छापून घेतलं, आणि मी, जिनदत्त, बेदाण्याचा व्यापार पोराच्या हाती देऊन निवांत बसलेला माणूस, तिचा हमाल झालो. गठ्ठे उचलायचे, पोस्टात जायचं आणि तिच्या वाटणीचं कौतुक ऐकून घ्यायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे जैन मुनी दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्याने, ओंजळीत घेऊन, न बोलता. पाणीसुद्धा तेव्हाच. नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही. ज्या घरी आहार असतो तिथे धुऊनपुसून वेगळा चौका मांडतात, भोवती रांगोळीची रेघ ओढतात आणि आंघोळ करून सोवळं नेसल्याशिवाय कुणी ती ओलांडत नाही. बिनआंघोळीचं माणूस आत शिरलं, घासात केस निघाला, असं काहीही घडलं तर तो अंतराय. महाराज ओंजळ सोडून खाली बसतात आणि त्या दिवसाचं अन्नपाणी तिथेच संपतं. म्हणून चौका म्हटलं की भल्या भल्या बायकांचे हातपाय गळतात, आणि म्हणूनच चंदनबालाचं पुस्तक हातोहात खपलं. पहिल्याच पानावर तिने ठळक अक्षरांत नियम घातला होता: चौक्यातला कोणताही पदार्थ चाखू नये. महाराजांच्या आधी आपली जीभ लागली की ते उष्टं झालं.

त्या दिवशी सकाळी तासगावजवळच्या एका मळ्यातून सुंदरी नावाच्या सुनेचा फोन आला. पोरगी बँकेत नोकरीला, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं.

"काका, काकींना सांगा, आज महाराज आमच्याकडं येनार हायत," ती म्हणाली. "सासूबाई न्हाईत, घरात सांगाया कोन न्हाई. पुस्तक म्होरं ठेवूनच सगळं केलंय. बांधावरच्या वेलाचा दुधी हुता, त्याचा रस काढलाय. लिवलंय तसं, एक थेंब चाखला न्हाई."

मी तिला शाबासकी दिली आणि फुगलेल्या छातीने स्वयंपाकघरात गेलो. योगायोग असा, की चंदनबालाही दुधीच चिरत होती. तिने टोक कापलं, त्याची चकती जिभेला लावली आणि मोरीत थुंकली. हे मी चाळीस वर्षं बघत आलोय, त्यामुळे माझं तिकडे लक्षही नव्हतं. मी सुंदरीचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं.

विळीवरचा तिचा हात थांबला.

"दुधी बघितलाय का तिनं?"

"बघितल्याबिगर चिरंल व्हय?"

"तसं न्हवं. टोक चाखून बघितलं का?"

"चाखू नये म्हणून तूच लिवलंयस की."

"आवं, ते चाखनं न्हवं. ते दुधी बघनं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला. "कडू निघाला तर रस न्हवं, इख हाय ते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुधी बाहेरून कितीही तुकतुकीत असला तरी एखादा आतून कडू निघतो आणि त्याचा रस पोटात गेला तर रक्ताच्या उलट्या होतात. हे तिला पक्कं ठाऊक होतं. चौक्याच्या दिवशीसुद्धा ती आंघोळीच्या आधी, मागच्या दारी, प्रत्येक दुधीचं टोक जिभेला लावून मगच तो आत घ्यायची. पण ते तिच्या लेखी स्वयंपाकात मोडतच नव्हतं. भाजी बघून घेणं कुणी लिहितं का? तिने लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, की चाखू नये.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिच्या नवऱ्याचा, पारसचा, तोही तसाच. आहाराच्या वेळी फोन चौक्यापासून लांब ठेवायचा, हेसुद्धा पुस्तकातच होतं.

मोटारसायकलवर चंदनबाला मागे बसली आणि माझा खांदा तिने असा धरला की दुखायला लागला. ऊन चढलं होतं. मी म्हणालो, "बहुतेक गोडच असंल गं. शंभरात एखादा निघतोय कडू." तिची भीती दोन्हीकडून होती. दुधी कडू असेल तर महाराजांचा जीव. गोड असेल आणि आपण मध्ये शिरलो, तर ऐंशीच्या घरातल्या, आदल्या दिवशी उपवास केलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी आपण काढून घेणार. मलाही घाम फुटला होता, पण तिला कळू नये म्हणून मी उगाच रस्त्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या देत होतो.

मळ्यात पोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आहार सुरू झालेला. महाराज पाटावर उभे, डोळे ओंजळीकडे. पारस बाजूला हात जोडून होता. सुंदरीच्या हातात रसाचा तांब्या. शेजारी स्टुलावर चंदनबालाचं पुस्तक उघडं, उडू नये म्हणून त्यावर वाटी ठेवलेली. सुंदरी ओतत होती आणि महाराज पीत होते. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

चंदनबाला रांगोळीपाशी थबकली. दर्शनाला जमलेल्या सगळ्यांच्या नजरा तिच्या धुळीने भरलेल्या साडीवर होत्या. मला वाटलं, ही आता मागे फिरते. तिने पाय उचलला आणि रेघ ओलांडून सुंदरीचा हात धरला.

महाराजांनी ओंजळ सोडली. रस पाटावर सांडला. ते खाली बसले. कुणीतरी बाई हुंदका देऊन म्हणाली, "आवं, काय केलासा हो!"

चंदनबालाने कुणाकडे बघितलं नाही. तांब्यात उरलेला रस तिने तळहातावर घेतला आणि जीभ लावली. तिचं तोंड वाकडं झालं.

"कडू," ती म्हणाली. "जहर कडू हाय. किती दिलंस?"

पारसने सांगितलं, एक तांब्या आधीच संपला होता. पाणी अजून द्यायचं होतं.

आणि ते पाणी आता देता येत नव्हतं. अंतराय झाला होता, तो चंदनबालानेच केला होता. दुपारी, महाराज उतरले होते त्या मंदिरात, त्यांना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर आला, सलाईन लावू द्या म्हणून हातापाया पडला. महाराजांनी नाही म्हणून मान हलवली. निदान घोटभर पाणी, तो म्हणाला. त्यांनी पुन्हा मान हलवली. गावच्या वैद्यांनी तळपायांना तूप चोळलं, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, बाकी कुणाच्या हातात काही नव्हतं. तळ्याकाठी बसून माणूस तहानेने मरताना बघावं तसं आम्ही मंदिराच्या ओट्यावर बसून होतो. चंदनबाला एकच वाक्य बोलत होती: "पानी तरी पोटात गेलं असतं हो." मी तिला समजावत होतो, की थांबवलं नसतंस तर दुसराही तांब्या गेला असता. खरं सांगतो, कुठलं बरोबर ते मला त्या वेळी कळत नव्हतं आणि आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

महाराजांनी ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दोघांच्या आधाराने आहाराला उभे राहिले. त्यांनी फक्त पाणी आणि ताक घेतलं. पहिली पाण्याची धार चंदनबालाने दिली. निम्मी खाली गेली.

आहार उरकल्यावर महाराज बसले, तेव्हा ती लांबूनच माथा टेकून बसली. आम्हा सगळ्यांना वाटलं, ती क्षमा मागणार.

"महाराज," ती म्हणाली, "रस कडू लागला न्हाई?"

"लागला की."

"मग पहिल्याच घोटाला ओंजळ का सोडली न्हाई?"

महाराजांचा आवाज पार खोल गेला होता.

"त्या पोरीच्या म्होरं पुस्तक उघडं हुतं," ते म्हणाले. "बघून बघून देत हुती. मला वाटलं, पुस्तकात तसंच असंल."

एवढं बोलून ते हळूहळू उठले आणि सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, आत गेले. चंदनबाला हात जोडून तशीच बसून राहिली. सुंदरीने तिला उठवायला हात पुढे केला, तो तिला दिसला नाही.