सैल गाठ

"आता बघा," असं म्हणून आमच्या ह्यांनी पिशवीची गाठ सोडायला घेतली. मी मनात म्हटलं, बघाच आता.

अंगणात सगळी गल्ली जमली होती. आमचे हे म्हणजे पिशवीवाले. पिकलेलं धान्य घरात येतं आणि निम्मं टोके नावाचे किडे खातात, म्हणून एका संस्थेनं ह्यांना हवाबंद पिशव्या देऊन दारोदार पाठवलं होतं. मका कडक वाळवा, भरा, तोंड पिळून आवळा आणि मग उघडू नका. आत हवा नाही तर किडा जगत नाही. एवढंच सांगायचं, तर तेवढ्यालाही ह्यांना घाम फुटायचा. लोक म्हणाले, आधी स्वतःच्या घरी करून दाखवा. ह्यांनी लगेच आमचा खायचा मका पिशवीत भरला. तो चांगला निघाला तर गल्ली पिशव्या घेणार आणि ह्यांचं काम टिकणार. नाहीतर घरी बसा.

पण गावाला शहाणपण शिकवणाऱ्या ह्या गृहस्थाला घरात कोण विचारतं? सासूबाई रोज सकाळी गाठ सोडायच्या, कोपरापर्यंत हात खुपसायच्या आणि पुन्हा कशीबशी गाठ मारायच्या. त्यांच्या तरुणपणी एका वर्षी कोठीत वर दाणे आणि खाली नुसतं पीठ निघालं होतं. ते वर्ष त्यांनी उपाशी काढलं. तेव्हापासून त्यांचा डोळ्यांवर विश्वास नाही. मी ह्यांच्या कानीकपाळी ओरडले, आईला सांगा. "सांगतो," म्हणायचे. सांगतात कसले. आईसमोर ह्यांची दातखीळ बसते.

गाठ सुटली. वर हातभर दाणे, खाली पीठच होतं. टोके भराभरा कडेनं वर चढले.

"पिशवीवाले, ह्यापेक्षा माझं फाटकं पोतं बरं," कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला.

मी बोलायला तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"पिशवी चांगली आहे," हे म्हणाले. "गाठ माझी सैल राहिली. सैल राहिली की काय होतं ते बघून ठेवा."

दारात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ह्याला लहानपणी चड्डीची नाडीसुद्धा बांधता यायची नाही."

अंगण खो खो हसलं. हेही हसले. मला त्या हसण्याचा मनस्वी संताप आला. आईच्या पदराआड लपणारे पुष्कळ पाहिले, आईला स्वतःच्या आड लपवणारा हा एकच शहाणा माझ्या नशिबी.

आणि गंमत बघा, लोकांनी पिशव्या नेल्या. गाठ मात्र संस्थेच्या नव्या माणसाकडून शिकले. ज्याला गाठ येत नाही त्याला कोण ठेवणार? हे पुन्हा लोकांच्या शेतात राबायला लागले.

पुढच्या पिकाला ह्यांनी स्वतःच पिशवी भरली आणि बांधली. मग एका डब्यात मका घालून तो आईच्या खाटेशी ठेवला.

"आई, हा डबा तुझा. पिशवी राहू दे."

सासूबाईंनी हात घातला. मनगटाशीच तळ लागला.

"एवढाच?"

"बाकीचा पिशवीत आहे."

"गाठ नीट मारलीस ना?"

"मारली."

मी उठले आणि गाठ धरून जोरात ओढली. तसूभरही हलली नाही.